मतपेटीतून आलेला वारसा : युवराज्ञी मार्ग्रेथे यांची जडणघडण

कोपनहेगन शहरातील आमालिएनबोर्ग येथे एका अष्टकोनी चौकाभोवती चार राजवाडे समोरासमोर उभे आहेत. त्यांपैकी फ्रेडरिक आठवे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राजवाड्यात १६ एप्रिल १९४० रोजी युवराज फ्रेडरिक आणि युवराज्ञी इंग्रिड यांच्या पोटी पहिले अपत्य जन्माला आले. ती मुलगी होती. बरोबर एक आठवड्यापूर्वी, ९ एप्रिलच्या पहाटे, जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये शिरल्या होत्या. याच परिसरात राजाच्या पहारेकऱ्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या आणि काही तासांतच देशाने शरणागती पत्करली होती. राजवाड्याबाहेर परक्यांचे सैन्य आणि आत पाळणा, अशा त्या आठवड्यात डॅनिश लोकांना आनंद मानण्यासारखी एवढी एकच बातमी मिळाली.

१४ मे रोजी होल्मेन चर्चमध्ये तिचे बारसे झाले. मार्ग्रेथे अलेक्झांड्रिन थोरहिल्दुर इंग्रिड अशी चार नावे तिला देण्यात आली. त्यांतले पहिले नाव तिच्या आईच्या आईचे, म्हणजे इंग्रिड दहा वर्षांची असतानाच वारलेल्या स्वीडनच्या युवराज्ञी मार्गारेट यांचे होते. त्यांना घरात ‘डेझी’ म्हणत असत आणि नातीलाही घरच्यांनी हेच लाडके नाव दिले. थोरहिल्दुर हे नाव आइसलँडचे होते, कारण डेन्मार्कचा राजा हाच तेव्हा आइसलँडचाही राजा होता. बारशाच्या चारच दिवस आधी ब्रिटिश सैन्य आइसलँडमध्ये उतरले होते आणि चार वर्षांनी, १७ जून १९४४ रोजी, तो देश प्रजासत्ताक झाला. राजघराण्याच्या हातून ते बेट गेले, मुलीच्या नावात मात्र त्याची खूण राहिली.

आजोबा, राजे ख्रिश्चन दहावे, देश सोडून गेले नाहीत. १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये घोड्यावरून पडून जायबंदी होईपर्यंत ते रोज कोपनहेगनच्या रस्त्यांवरून घोड्यावर फेरी मारत आणि त्यांच्याबरोबर एकही अंगरक्षक नसे. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला तेव्हा मार्ग्रेथे नुकतीच पाच वर्षांची झाली होती. म्हणजे तिचे सारे शैशव परकीय ताब्यातील राजधानीत गेले होते. एप्रिल १९४७ मध्ये आजोबा निवर्तले आणि तिचे वडील फ्रेडरिक नववे म्हणून राजे झाले. ते नौदलातले अधिकारी होते, त्यांच्या अंगावर खलाशांसारखे गोंदण होते आणि वाद्यवृंदाचे संचालन करण्याची त्यांना मनापासून आवड होती. घराची शिस्त आणि कर्तव्याची शिकवण मात्र मुख्यतः इंग्रिड यांच्याकडून आली, असे त्या घराण्याविषयी नेहमी सांगितले जाते.

या वेळेपर्यंत घरात तीन मुली होत्या. १९४४ मध्ये बेनेडिक्ट आणि १९४६ मध्ये अ‍ॅन-मरी जन्मली होती. तिघींपैकी एकीलाही सिंहासनाचा अधिकार नव्हता, कारण १८५३ च्या वारसा कायद्याने स्त्रियांना पूर्णपणे वगळले होते. राजांनंतर त्यांचे धाकटे बंधू क्नूड आणि क्नूड यांच्यानंतर त्यांचा थोरला मुलगा इंगोल्फ, असा क्रम ठरलेला होता. इंगोल्फचा जन्म १७ फेब्रुवारी १९४० चा आहे, म्हणजे तो मार्ग्रेथेहून फक्त दोन महिन्यांनी मोठा. एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन चुलत भावंडांपैकी एकाला राज्य मिळणार होते आणि दुसरीला केवळ राजकन्या ही पदवी.

हे चित्र १९५३ मध्ये पालटले, आणि ते राजाच्या आज्ञेने नव्हे तर मतदारांच्या हातून पालटले. त्या वर्षी डेन्मार्क नवी राज्यघटना स्वीकारण्याच्या बेतात होता. संसदेचे वरिष्ठ सभागृह बरखास्त करणे, फोल्केटिंग हे एकच सभागृह ठेवणे आणि ग्रीनलँडचा वसाहतीचा दर्जा संपवून त्याला राज्याचा भाग करणे, असे मोठे बदल तीत होते. पण घटना बदलण्याची अट कडक होती. मतदान करणाऱ्यांचे बहुमत पुरेसे नव्हते, तर एकूण नोंदणीकृत मतदारांपैकी किमान ४५ टक्के लोकांनी होकार देणे आवश्यक होते. १९३९ मध्ये असाच एक प्रयत्न ४४.४६ टक्क्यांवर अडकून फसला होता. सभागृहांच्या रचनेसाठी सामान्य माणूस घराबाहेर पडेलच असे नाही, हे राजकारण्यांना त्या अनुभवाने शिकवले होते. याच सार्वमताला जोडलेला, नव्या वारसा कायद्याने राजाच्या थोरल्या मुलीला वारस करण्याचा प्रश्न मात्र घरोघरी चर्चेचा होता. हा प्रश्न सोबत नसता तर ती घटना संमत झाली असती का, अशी शंका घ्यायला पुरेपूर वाव आहे.

२८ मे १९५३ रोजी सार्वमत झाले आणि होकाराचा आकडा ४५.७६ टक्के आला. पाऊण टक्क्याच्या फरकाने एक देश नव्या घटनेत गेला आणि तेरा वर्षांची एक मुलगी सिंहासनाची वारस झाली. ५ जून रोजी घटनेवर राजांची स्वाक्षरी झाली. याच घटनेने पुढील बदलांसाठीची अट ४५ वरून ४० टक्क्यांवर आणली, यावरून तो निकाल किती काठावरचा होता हे ध्यानात येते. नवा कायदा समानतेचा होता असे मात्र म्हणता येणार नाही. भाऊ असल्यास तो बहिणीच्या पुढेच राहणार होता आणि हा भेद जाण्यासाठी २००९ चे सार्वमत यावे लागले. मार्ग्रेथेला भाऊ नव्हता म्हणूनच तिचा हक्क उभा राहिला.

या निकालाची दुसरी बाजूही सांगायला हवी. क्नूड यांचे क्रमातले पहिले स्थान गेले आणि त्यांना केवळ एक मानाची पदवी उरली. इंगोल्फही तेव्हा तेराच वर्षांचा होता. पुढे एका सामान्य घरातील तरुणीशी विवाह केल्यावर इंगोल्फ यांची राजपुत्र ही पदवी गेली आणि ते डेन्मार्कच्या यूटलंड द्वीपकल्पात शेती करून राहिले.

मार्ग्रेथेचे शिक्षण आता केवळ राजकन्येचे शिक्षण राहिले नाही. सुरुवातीची काही वर्षे राजवाड्यातच धडे घेतल्यावर ती नाताली झाहले यांनी एकोणिसाव्या शतकात मुलींच्या शिक्षणासाठी सुरू केलेल्या कोपनहेगनमधील शाळेत जाऊ लागली होती. १९५५ मध्ये तिला वर्षभरासाठी इंग्लंडमधील हॅम्पशर येथील मुलींच्या निवासी शाळेत पाठवण्यात आले.

१६ एप्रिल १९५८ रोजी अठरा वर्षे पूर्ण होताच त्यांना राज्य परिषदेत जागा मिळाली. राजा आणि मंत्री एकत्र बसून ज्या बैठकीत विधेयकांवर स्वाक्षऱ्या होतात, ती ही परिषद. सज्ञान वारसाला तिथे बसण्याचा अधिकार घटनेनेच दिलेला आहे. ज्या वयात इतर मुली परीक्षेच्या तयारीत असतात, त्या वयात युवराज्ञी वडिलांच्या मंत्र्यांसमवेत बसू लागल्या. शालान्त परीक्षा त्या पुढच्या वर्षी, १९५९ मध्ये, उत्तीर्ण झाल्या. हवाई दलाशी संलग्न असलेल्या महिलांच्या स्वयंसेवी पथकातही त्या १९५८ मध्ये दाखल झाल्या आणि बारा वर्षे त्यात राहिल्या.

त्यांचे मन मात्र पुरातत्त्वशास्त्रात गुंतले होते. त्यांच्या आईचे वडील, स्वीडनचे राजे गुस्ताफ सहावे आडोल्फ, हे स्वतः जाणकार पुरातत्त्वज्ञ होते. इटलीत एट्रुस्कन या प्राचीन लोकांच्या वस्त्यांचे उत्खनन स्वीडिश संशोधक करत होते, तिथे ते स्वतः खणायला जात आणि नातही त्यांच्याबरोबर जाई. गुडघे टेकून ब्रशने माती बाजूला सारायची, खापराचा तुकडा हाती आला की तो कोणत्या थरात सापडला याची नोंद करायची आणि मग पुढचा थर उघडायचा, हे काम घाईचे नसते आणि तिथे पदवीचा मान कामाला येत नाही. सतत इतरांच्या नजरेखाली वावरणाऱ्या तरुण मुलीला ते काम इतके का भावले असेल, हे समजून घेणे अवघड नाही.

१९६० मध्ये त्या केंब्रिजच्या गर्टन महाविद्यालयात गेल्या आणि वर्षभरात त्यांनी प्रागैतिहासिक पुरातत्त्वशास्त्राची पदविका मिळवली. त्यानंतरचा अभ्यासक्रम पाहिला तर त्यात आवडीपेक्षा पदाची गरज अधिक दिसते. डेन्मार्कमधील ऑर्हुस विद्यापीठात राज्यशास्त्र, १९६३ मध्ये पॅरिसच्या सोरबॉनमध्ये शिक्षण आणि १९६५ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, असा तो प्रवास झाला. त्या पाच वर्षांत चार विद्यापीठे आणि तीन देश झाले. पण कोणत्याही एका विषयात खोलवर उतरण्याइतका वेळ त्यांना कुठेच मिळाला नाही. पुरातत्त्वज्ञ होऊ शकली असती अशी एक विद्यार्थिनी तिथे मागे राहिली, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

लंडनमध्येच त्यांची भेट फ्रेंच दूतावासातील तरुण अधिकारी आंरी द लाबोर्द द मोंपेझा यांच्याशी झाली. आंरी यांचे बालपण काही काळ इंडोचायनात गेले होते. विवाहासाठी त्यांनी कॅथलिक पंथ सोडून डॅनिश ल्युथरन चर्चचा स्वीकार केला आणि हेन्रिक हे नाव घेतले. १० जून १९६७ रोजी, ज्या होल्मेन चर्चमध्ये मार्ग्रेथे यांचे बारसे झाले होते, तिथेच त्यांचा विवाह झाला. २६ मे १९६८ रोजी फ्रेडरिक आणि ७ जून १९६९ रोजी योआकिम यांचा जन्म झाला.

१९७२ च्या जानेवारीच्या पहिल्याच दिवसांत राजे फ्रेडरिक नववे यांचे हृदय काही वेळ बंद पडले आणि १४ जानेवारीच्या संध्याकाळी त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान येन्स ओटो क्राग यांनी क्रिस्टियान्सबोर्ग राजवाड्याच्या सज्जात उभे राहून नव्या राणीची घोषणा केली. शेजारी काळ्या शोकवस्त्रांतील मार्ग्रेथे उभ्या होत्या आणि त्या तेव्हा एकतीस वर्षांच्या होत्या. त्यांनी स्वतःला ‘दुसऱ्या’ म्हणवून घेतले. पंधराव्या शतकाच्या आरंभी वारलेल्या मार्ग्रेथे पहिल्या यांनी प्रत्यक्षात डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या तीन राज्यांचा कारभार सांभाळला होता, तरी त्या काळच्या रीतीप्रमाणे राज्यकर्ती राणी हे पद त्यांना कधी मिळाले नव्हते. वडिलांपर्यंत चालत आलेल्या लांबलचक पदव्याही नव्या राणीने गाळल्या आणि ‘डेन्मार्कची राणी’ एवढीच पदवी ठेवली.

राज्य परिषदेत त्या आता वारसाच्या जागेवरून प्रमुखपदी आल्या. त्यांची जुनी जागा, तीन वर्षांचा फ्रेडरिक अठराचा होईपर्यंत, म्हणजे २६ मे १९८६ पर्यंत, रिकामी राहिली.