लाकूड हलतं, सर्किट हलत नाही

उशाशी ठेवायचा घड्याळ-रेडिओ लाकडात करायचा म्हणजे प्लास्टिकच्या जागी फळ्या लावायच्या, एवढंच नाही. लाकूड हवेतली ओल घेतं, सोडतं आणि रेषांना आडवं फुगतं-आक्रसतं. सागाची १२० मिलिमीटर रुंद फळी घ्या. तिच्यातली ओल ८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर गेली की रुंदी सुमारे १ मिलिमीटरपर्यंत वाढते; लांबीत फरक जवळजवळ नाहीच. आतलं सर्किट बोर्ड मात्र जागचं हलत नाही. चारही स्क्रू घट्ट पिळले तर बोर्डाला ताण बसतो आणि झाळणीचे टाके तडकतात. म्हणून एक भोक गोल, बाकीची रेषांना आडवी लांबट ठेवा. २ मिलिमीटरची मोकळीक पुरते. पाठचं झाकण प्लायवूडचं, स्क्रूसाठी पितळी बुश, म्हणजे आतून आटे असलेली नळी. नुसत्या लाकडात स्क्रू चार-पाचदा काढला-घातला की आटे झिजतात. आणि साग तेलकट असतो: चिकटवण्याआधी जोड ॲसिटोनने पुसा आणि तो उडून गेला की लगेच गोंद लावा.

अंक दिसण्यासाठी खिडकी कापायची गरज नाही. ०.६ मिलिमीटरच्या फिकट व्हिनियरमागून (लाकडाच्या पातळ पापुद्र्यामागून) एलईडी छान दिसतात. पण अंकांचा डिस्प्ले व्हिनियरला टेकलेलाच हवा. २ मिलिमीटरची फट राहिली तरी ८ आणि ६ ओळखू येत नाहीत. रंग लाल घ्या. लाकडातून तो निळ्यापेक्षा जास्त पार होतो, आणि रात्री डोळ्यांनाही कमी खुपतो.

लाकडाचा खरा फायदा अँटेनाला. कोरड्या लाकडातून रेडिओ लहरी सहज जातात, तेव्हा मिडियम वेव्हची अँटेना, म्हणजे फेराइट कांडी, पेटीतच ठेवता येते. फक्त डिस्प्लेपासून शक्य तितकी दूर, कारण अंक भराभर उघडझाप करत पेटवले जातात आणि तीच खरखर कांडी उचलते. एफएमला ७५ सेंटिमीटर तार, पेटीच्या कडेने फिरवलेली. गुंडाळी करू नका.

लाकडाला उष्णता बाहेर टाकता येत नाही, हे बरेच जण विसरतात. १२ व्होल्टचे ५ करणारा साधा रेग्युलेटर ३०० मिलिॲम्पिअरला २.१ वॅट जाळतो. ६ व्होल्टचा अडॅप्टर आणि कमी फरकावर चालणारा रेग्युलेटर घेतलात तर ०.३ वॅट. घड्याळाची वेळ राखणारा ३२,७६८ हर्ट्‌झचा क्रिस्टल या गरम कोपऱ्यापासून लांब ठेवा. मुळात २० पीपीएमचा (दहा लाखांत २० इतकी चूक असलेला) क्रिस्टल दिवसाला १.७ सेकंद, म्हणजे महिन्याला सुमारे ५० सेकंद चुकू शकतो. तापला की आणखी.

स्पीकरपुढे लोकरी नमदा सुंदर दिसतो, पण आधी त्यातून फुंकर मारून पाहा. हवा अडली तर उंच सूर अडलेच समजा; विरळ विणीचं सुती कापड बरं. स्पीकरखाली २ मिलिमीटर कॉर्कची चकती दिली की पेटी कमी घुमते.

शेवटचा हात जवसाच्या तेलाचा देणार असाल तर तेल पूर्ण वाळल्यावरच सर्किट आत घाला. आणि तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते स्वतःहून तापतात, पेट घेतात. मोकळे पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.