थेंबभर तेल, पन्नास दिवस

हा मासा वीतभरही नाही. सॅमनचं पिल्लू, वजन चाळीसेक ग्रॅम. नॉर्वेतल्या हॅचरीत, म्हणजे माशांची पिल्लं वाढवण्याच्या केंद्रात, त्याला गुंगीच्या पाण्यातून नुकतंच बाहेर काढलंय. पोटावरच्या पंखांच्या किंचित पुढे, बरोबर मधोमध सुई टोचली जाते आणि दुधासारखा पांढरा थेंब आत जातो. मासा परत पाण्यात. आधी कुशीवर कललेला, मग कल्ले हलतात, मग हळूहळू तो सरळ होतो.

हा थेंब म्हणजे लस. त्यात मारलेले जिवाणू आहेत, तेलात घोटलेले. या तेलाची गरज का पडली?

1985 साली स्कॉटलंडहून आणलेल्या पिल्लांबरोबर फुरुन्क्युलॉसिस नावाचा रोग नॉर्वेच्या समुद्रातल्या पिंजऱ्यांत शिरला. जिवाणूचं नाव एरोमोनास साल्मोनिसिडा. अंगावर गळवं, आत रक्तस्राव, आणि मेलेल्या माशांचा खच. व्हिब्रिओ जातीच्या जिवाणूंनी मत्स्यशेतकरी आधीच जेरीस आले होते. हाताशी होतं ते खाद्यातलं अँटिबायोटिक. 1987 साली नॉर्वेत माशांसाठी जवळजवळ 50 टन अँटिबायोटिक वापरलं गेलं. 50 टन, आणि तेही उघड्या समुद्रात! हा आकडा वाचला की आजही पोटात गोळा येतो.

व्हिब्रिओवर पाण्यात बनवलेल्या साध्या लशी लागू पडल्या. फुरुन्क्युलॉसिस मात्र त्यांना बधला नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तेलातली लस आली, तेव्हा चित्र पालटलं. तेल पोटात टिकून राहतं, जिवाणूंचे अंश थोडे थोडे सोडत राहतं, आणि शरीराला शत्रूची ओळख पुन्हा पुन्हा पटत जाते.

ही ओळख पटते कुठे? माशाला अस्थिमज्जा नसते, आपल्यासारख्या लसिकागाठीही (लिम्फ नोड) नसतात. ते काम करतात प्लीहा आणि डोक्यामागचा मूत्रपिंडाचा पुढचा भाग. तिथे बी-पेशी तयार होतात आणि त्यांनी बनवलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) रक्तात उतरतात. त्यात मुख्य असतं ते आयजीएम. माणसाच्या आयजीएममध्ये बहुधा पाच घटक जोडलेले असतात, माशाच्या आयजीएममध्ये चार.

पण माशाचं रक्त पाण्याइतकंच गार. पाणी थंड, तर पेशीही सुस्त. म्हणून इथे दिवस मोजून भागत नाही, दिवसाला तापमानाने गुणावं लागतं. लस टोचल्यापासून समुद्रात सोडेपर्यंत साधारण 500 चा हिशेब धरतात. पाणी 10 अंश असेल तर 50 दिवस, 5 अंश असेल तर 100. घाई करून पिल्लं समुद्रात सोडली, तर ती जवळजवळ निःशस्त्रच जातात.

या संरक्षणाची किंमत मासाच मोजतो. मोठा झालेला मासा कापला की आत दिसतं: आतडी पोटाच्या अस्तराला चिकटलेली, जागोजागी मेलॅनिनचे काळे डाग. तेलाने पेटवलेल्या दाहाच्या या खुणा. चिकटण किती, हे 0 ते 6 अशा श्रेणीत मोजतात. आकडा वाढला की माशाची वाढ खुंटू शकते. म्हणूनच लशीचा डोस कमी करत आणला गेला. मासा बोलत नाही, त्यामुळे हे मोजमाप मला फार मोलाचं वाटतं.

आज नॉर्वेत सॅमनचं उत्पादन वर्षाला 12 लाख टनांच्या वर आहे, आणि अँटिबायोटिकचा वापर एका टनाहूनही कमी.

हॅचरीत सकाळ झालीय. टाकीत तापमापी बुडते. 8 अंश. वहीत कालच्या बेरजेत आठ मिळवले जातात. खाली पिल्लं प्रवाहाकडे तोंड करून पोहताहेत.