टरेट राहू द्या, आधी भोक सांभाळा! | दोन किटमधून इजिप्तचा शर्मन

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त आलेला प्रश्न म्हणजे, "दादा, वेगवेगळ्या किटचे भाग जोडून एक रणगाडा कसा करायचा, एकदा नीट दाखवा ना." दुसऱ्या नंबरवर, "मागे पंख्याचा आवाज येतोय." येतोय, कारण थिनरचा वास असतो आणि घरात मी एकटा राहत नाही. पंखा राहणार.

तर आज इजिप्तचा शर्मन रणगाडा, प्लॅस्टिकच्या मॉडेलमध्ये. नवशिक्यांना मी हाच सुचवतो, कारण आपण टेबलावर जे करणार आहोत तेच खऱ्या वर्कशॉपमध्ये लोखंडात झालेलं आहे. अमेरिकन एम४ए४ शर्मनचा हल, म्हणजे खालचं धड, आणि त्यावर फ्रेंच एएमएक्स-१३ या हलक्या रणगाड्याचा एफएल-१० टरेट, म्हणजे तोफेसकट फिरणारा वरचा भाग. १९५० च्या दशकात इजिप्तनं हे घेतले. म्हणजे टरेट फ्रान्सचा, आणि १९५६ ला सुएझवर इजिप्तविरुद्ध उतरलेलं सैन्यही फ्रान्सचं! १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धातही हे होते. इस्रायलच्या हाती लागलेला एक आज इस्रायलमधल्या लात्रूनच्या म्युझियममध्ये उभा आहे. त्याचे चहूबाजूंनी काढलेले फोटो नेटवर सापडतात. कटर हातात घेण्याआधी ते बघा.

मूलभूत गोष्टी पटापट. दोन्ही किट १/३५, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढी. शर्मन एम४ए४ च घ्या, एम४ए३ नको, कारण पुढे सांगतो. एएमएक्स-१३ टॅमियाचं आहे, टाकोमचं आहे, हेलरचं जुनं आहे, जे मिळेल ते. पातळ सिमेंट, एक मिलिमीटरची प्लॅस्टिक शीट, वर्नियर, आरी, पॉलिश पेपर. झालं.

"दादा, १/३२ चा टरेट १/३५ वर चालेल का, तीनचाच तर फरक आहे." नाही चालणार! खऱ्या शर्मनची टरेट रिंग, म्हणजे टरेट बसतो ते हलचं गोल भोक, ६९ इंच, म्हणजे साधारण १७५३ मिलिमीटर. भागिले ३५ करा, ५० येतात. भागिले ३२ करा, जवळजवळ ५५. तुमच्या त्या "तीनच्या फरकानं" रिंगमध्ये पाच मिलिमीटरची तफावत आली. मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर असतो हो.

आता मुद्द्याचं.

[एएमएक्सचा वरचा हल कॅमेऱ्यासमोर धरून]

लोक काय करतात, तर एएमएक्सचं किट उघडतात, टरेट बांधतात, उरलेला हल डब्यात टाकतात. मग शर्मनच्या भोकावर टरेट ठेवतात, तो आत पडतो, आणि मला मेसेज येतो. अहो, पडणारच. एएमएक्स पंधराएक टनांचा रणगाडा, शर्मन तिसाच्या वरचा. एएमएक्सची रिंग लहान आहे. फ्रेंचांपुढेही हीच अडचण होती, त्यांनी मोठ्या भोकावर जोड-प्लेट बसवली. आपणही तेच करायचं. आणि त्यासाठी एएमएक्सच्या हलमधला सगळ्यात मोलाचा भाग कुठला? हे भोक. टरेट नाही, भोक.

हे बघा, जवळून दाखवतो. टरेटच्या बुडाला दोन कान आहेत. हलच्या भोकाला दोन खाचा. कान खाचेत घातले, फिरवलं, टरेट अडकला. ही जोडी कंपनीनं साच्यातच जुळवून दिलीय. तुम्ही शीटमधून स्वतः भोक कापलं तर ते कान, त्या खाचा, ती फट, सगळं हातानं साधावं लागणार. कशाला? भोकाभोवती चारपाच मिलिमीटर प्लॅस्टिक सोडून हलचा तो तुकडाच आरीनं कापून घ्या. कापताना रिंगला धक्का लावू नका. मग कड घासत गोल करा.

दुसरा तुकडा म्हणजे जोड-प्लेट. एक मिलिमीटरच्या शीटमधून चकती कापायची, शर्मनचं भोक पूर्ण झाकेल एवढी, आणि तिच्या मधोमध एएमएक्सचा तो तुकडा घट्ट बसेल एवढं वर्तुळ. यासाठी सर्कल कटर विकत घ्यायची गरज नाही. मुलांच्या कंपासपेटीतलं कर्कटक घ्या. दोन्ही टोकं अणकुचीदार असतात ना, एक मधे रोवा आणि दुसऱ्यानं हलक्या हातानं रेघ ओढत राहा. जोर नाही लावायचा. दहावीस फेऱ्यांनंतर मागच्या बाजूला पांढरी रेघ उमटते, मग अंगठ्यानं दाबा. टक्! सुटलं. (कर्कटक परत पेटीत ठेवा, आमच्याकडे भूमितीच्या पेपरच्या आदल्या रात्री शोधाशोध झालीय.)

काही जण म्हणतील, एवढा उपद्व्याप कशाला, टरेट वर ठेवायचा आणि पुट्टीनं लिंपून टाकायचं. ही पुट्टी म्हणजे माझ्या डोक्याला ताप आहे. पुट्टी वाळताना आक्रसते, दोनतीन हात द्यावे लागतात, आणि वॉश, म्हणजे पातळ गडद रंग, मारला की नेमकी तीच जागा काळी उठून दिसते. पण तेही सोडा. खऱ्या रणगाड्यावर तिथे एक प्लेट होती. तिला कड होती, जाडी होती. तुम्ही जे लपवायला निघालात, तेच तर या रणगाड्याचं वैशिष्ट्य आहे!

आता उंची. एफएल-१० चे दोन भाग असतात. खालचा फिरतो, वरचा तोफेसकट कलतो. नेहमीच्या टरेटमध्ये तोफ एकटी वरखाली होते, इथे ती वरच्या भागाला पक्की आहे, त्यामुळे तोफ वर जायला लागली की टरेटचं मागचं टोक खाली जातं. सी-सॉसारखं. मागे ऑटोलोडर, म्हणजे आपोआप गोळे भरणारी यंत्रणा आहे, सहा-सहा गोळ्यांची दोन ड्रम, म्हणून ते टोक लांबलचक आहे. शर्मनवर त्या टोकाखाली काय येतं? इंजिनाचा डेक, म्हणजे इंजिनावरचं झाकण. रिंग खोल बसली, तर तोफ उचलल्याबरोबर मागचं टोक डेकवर आपटणार. म्हणून चिकटवण्याआधी सगळं कोरडं मांडा, तोफ जास्तीत जास्त वर न्या, टरेट पूर्ण फिरवा, आणि मागच्या टोकाखालून कागद सरकतो का बघा. नाही सरकला, तर प्लेटखाली आणखी एक शीट. भोक चिकटवून टाकल्यावर हे कळून उपयोग नाही. परत सांगतो, टरेट बांधण्याआधी भोक.

एक ताई नेहमी विचारतात, एटीएमचं जुनं कार्ड वापरलं तर? कार्ड बहुतेक पीव्हीसीचं, किट पॉलिस्टायरीनचं. मॉडेलचं पातळ सिमेंट पॉलिस्टायरीन वितळवून जोडतं, कार्डावर ते तसं धरत नाही. फेविक्विकनं चिकटेल, पण पुढे घासताना कड उचकटते. शीट आणा. महाग नाही.

"आपल्याकडे शर्मन होते, एएमएक्सही होते, मग आपण असा का नाही केला?" चांगला प्रश्न आहे. भारतानं टरेट नाही, तोफ उचलली. एएमएक्सवर होती तीच फ्रेंच ७५ मिलिमीटरची तोफ आपल्या काही शर्मनवर बसवली, काहींवर रशियन ७६ ची. आणि एएमएक्सचा किस्सा वेगळाच आहे. १९६२ ला आपल्या लष्कराच्या २० लान्सर्स रेजिमेंटचे एएमएक्स विमानानं लडाखमध्ये चुशूलला उतरवले होते. हलका असण्याचा फायदा तो हा. नगरच्या, म्हणजे आता अहिल्यानगरच्या, टँक म्युझियममध्ये एएमएक्स-१३ ठेवलाय. गेलात तर समोरून फोटो काढून परत येऊ नका. बाजूनं वाका आणि टरेटच्या दोन भागांमधली ती जागा बघा. किटच्या डब्यावरच्या चित्रात ती कधीच नीट कळत नाही.

आता एम४ए४ चा हट्ट का, ते. त्याचं मूळ इंजिन क्रायसलरचं होतं, पाच मोटारींची इंजिनं एकत्र बांधलेली, तीस सिलिंडर! ते मावावं म्हणून हल ११ इंचांनी लांबवला. आपल्या मापात आठ मिलिमीटर. त्यामुळे बोगींमधलं, म्हणजे चाकांच्या जोड्यांमधलं, अंतर जास्त, ट्रॅकच्या कड्याही एका बाजूला ७९ ऐवजी ८३. एम४ए३ वर टरेट ठेवून "इजिप्शियन" म्हणून फोटो टाकलात, तर कड्या मोजणारे लोक आहेत जगात. मी त्यातलाच एक.

पण गंमत अशी, की इजिप्तच्या या गाड्यांत ते इंजिन नव्हतंच. जनरल मोटर्सचं जोड-डिझेल होतं, एम४ए२ मध्ये असायचं ते. म्हणून डेकवर एम४ए२ च्या जाळ्या हव्यात. म्हणजे तिसरं किट, किंवा क्लबातल्या कुणाकडून उरलेला डेक. आणि तो डेक आखूड हलसाठी केलेला असतो, त्यामुळे पुन्हा ते आठ मिलिमीटर भरायला लागणार. पुट्टीनं? नाही!! शीटनं. डेकची पट्टी जरा रुंद कापा, कोरडी बसवा, मग घासत घासत मापाला आणा.

"याचं तयार किट मिळतं की, मग कशाला?" मिळतं, घ्या खुशाल. माझ्याकडे फायरफ्लायचा, म्हणजे ब्रिटिशांनी मोठी तोफ बसवलेल्या शर्मनचा, एम४ए४ हल कपाटात पडून होता आणि एका मित्राकडे अर्धवट सोडलेला एएमएक्स, म्हणून मी हे करतो. फायरफ्लायचा हल वापरणार असाल तर एक ध्यानात ठेवा, पुढच्या मशीनगनची जागा त्यात प्लेटनं बंद केलेली असते. तुम्ही निवडलेल्या गाडीचा फोटो बघून ती ठेवायची की उघडायची ते ठरवा.

जोड-प्लेटचा नकाशा खाली लिंकमध्ये टाकतोय. प्रिंट काढताना "पानाला बसवा" हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर ५० चे ४८ होतील आणि पुन्हा मलाच मेसेज येईल.