डीपीएसच्या आधी स्पीड वाचा

मंडळी, विषय जाहीर झालाय तो 'दोन हातांत दोन शस्त्रं: मंद की जलद'. तिथपर्यंत आपण जाऊच. पण त्याआधी एक गोष्ट नीट मांडायची आहे, कारण ती पक्की झाली नाही तर पुढचं सगळं पाठांतर होतं. उदाहरणं 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन खेळाच्या पहिल्या आवृत्तीतली घेतो, म्हणजे लेव्हल ६०, आणि तीही बहुतेक २००५ च्या १.८ पॅचनंतरची (पॅच म्हणजे खेळातला अधिकृत बदल). त्या आवृत्तीचं गणित इतकं उघडं आहे की हातात पेन असलं तरी पुरतं, आणि इथल्या बहुतेकांनी ती खेळलेली आहे.

शस्त्रावर माऊस नेला की उघडणाऱ्या टूलटिपवर तीन गोष्टी दिसतात: कमीत कमी ते जास्तीत जास्त मार, स्पीड (दोन घावांमधली सेकंदं, आकडा मोठा तितकं शस्त्र मंद), आणि खाली डीपीएस (सेकंदाला सरासरी मार). नजर थेट डीपीएसवर जाते. माझं म्हणणं असं, की हा आकडा सगळ्यात शेवटी वाचायचा. आधी आपली बटणं, म्हणजे खास हल्ले बघा, मग स्पीड, मग डीपीएस.

कारण सांगतो. डीपीएस म्हणजे एका घावाचा सरासरी मार भागिले स्पीड. तुम्ही नुसते उभे राहून ऑटो अटॅक, म्हणजे आपोआप पडणारे घाव, करत असाल तर तो आकडा अगदी खरा. पण कोणताही वॉरियर (योद्धा) नुसता उभा राहत नाही. तो मॉर्टल स्ट्राइक दाबतो, आणि त्या बटणावर लिहिलंय 'शस्त्राचा मार अधिक १६०'. हा मार एका घावाचा असतो, सेकंदाचा नाही. बटणाला शस्त्राच्या स्पीडची वाट बघावी लागत नाही, त्याचा कूलडाऊन, म्हणजे पुन्हा दाबता येईपर्यंतचा वेळ, वेगळा, ६ सेकंदांचा. म्हणजे मंद शस्त्राची जी किंमत आपण मोजतो, दोन घावांमधली लांब वाट, ती या बटणाला लागूच होत नाही. मंद शस्त्राचा सगळा फायदा इथे आहे.

आर्केनाइट रीपर ही दोन हातांची कुऱ्हाड घ्या. मार १५३ ते २५६, स्पीड ३.८, सरासरी घाव २०४.५, डीपीएस ५३.८. त्याच्या शेजारी अगदी तेवढ्याच डीपीएसचं, पण २.६ स्पीडचं एक काल्पनिक शस्त्र ठेवा. त्याचा सरासरी घाव येतो १४०. टूलटिपच्या हिशोबात दोन्ही सारखी.

आता अटॅक पॉवर घाला, म्हणजे पात्राची स्वतःची मारक शक्ती. दर १४ अटॅक पॉवरला १ डीपीएस मिळतो, तेव्हा १४०० असेल तर १०० डीपीएस. सुरुवातीला हा आकडा शस्त्राच्या खऱ्या स्पीडने गुणला जायचा. रीपरला ३८० मिळायचे, दुसऱ्याला २६०. मॉर्टल स्ट्राइक एकीकडे ७४४, दुसरीकडे ५६०, चिलखत आणि क्रिट (दुप्पट बसणारा घाव) धरायच्या आधी. एका बटणात १८४ चा फरक! १.८ पॅचने हा गुणक ठरावीक केला: दोन हातांच्या शस्त्रांना ३.३, एका हाताच्यांना २.४, खंजिरांना १.७, धनुष्य-बंदुकांना २.८. मग दोघांनाही ३३० च मिळतात. तेव्हापासून एक समज पसरलाय, की आता स्पीडने काही फरक पडत नाही. हा समज चुकीचा आहे आणि तो मला खरंच खुपतो. पॅचने फक्त अटॅक पॉवरचा भाग सारखा केला, शस्त्राच्या स्वतःच्या माराला हात लावलेला नाही. २०४.५ अधिक ३३० अधिक १६० झाले ६९४.५, आणि १४० चे झाले ६३०. ६४ चा फरक दर ६ सेकंदांनी मिळतच राहतो.

मागे आकडे दिसताहेत ना? हे सूत्र मात्र लिहून घ्या. शस्त्राचा डीपीएस गुणिले (१ अधिक स्पीड भागिले बटणाचा कूलडाऊन). बटणं दोन असतील तर दोन्हींची बेरीज. मॉर्टल स्ट्राइकचे ६ सेकंद, व्हर्लविंड या वॉरियरच्या दुसऱ्या बटणाचे १०. रीपरसाठी १ अधिक ०.६३ अधिक ०.३८, म्हणजे २.०१. दुसऱ्यासाठी १ अधिक ०.४३ अधिक ०.२६, म्हणजे १.६९. रीपरची बरोबरी करायला २.६ वाल्या शस्त्राचा डीपीएस किती हवा? सुमारे ६४. दहा डीपीएस जास्त!

म्हणून लूट वाटताना जे चालतं ते बघून जीव तुटतो. ५५ डीपीएसचं २.६ स्पीडचं शस्त्र पडतं, वॉरियर हातातला रीपर विसरून 'नीड' (मला हवं) दाबतो, कारण टूलटिपवरचा डीपीएस मोठा दिसतो. पुढे महिनाभर त्याला कळत नाही की मार का घटला. दोष चिलखताला दिला जातो, हीलरला दिला जातो. गिल्डमध्ये (खेळाडूंच्या संघात) लूट वाटणारा जो कोणी असेल त्याने हे सूत्र पाठच करावं. आणि वॉरियरहो, तुम्हाला विचारणा झाली तर 'हातात असलेलं बरं' असं म्हणायला अजिबात कचरू नका.

रेज, म्हणजे वॉरियरची बटणं ज्यावर चालतात ते इंधन. त्याबद्दल नेहमी एक शंका येते: जलद शस्त्राने रेज जास्त मिळतो का? नाही. लेव्हल ६० ला चिलखतातून पार झालेल्या साधारण ३१ मारामागे १ रेज. मंद घावाला एकदम मोठा, जलद घावाला थोडा थोडा, सेकंदाचा हिशोब सारखाच. फरक पडतो तो मिसमध्ये. ३.८ चा एक घाव चुकला की दोन बसलेल्या घावांमधले जवळपास ८ सेकंद रेजविना जाऊ शकतात. म्हणून मंद शस्त्रवाल्याने हिटकडे, म्हणजे घाव बसण्याची शक्यता वाढवणाऱ्या आकड्याकडे, आधी बघावं.

खेळाडूंविरुद्ध लढताना मंद शस्त्राचा आणखी एक गुण आहे. समोरचा पळत असतो, तुम्ही त्याच्या अंगाला क्षणभरच भिडता. स्विंग टायमर, म्हणजे पुढच्या घावापर्यंतची वेळ मोजणारं घड्याळ, तुम्ही लांब असतानाही चालूच असतो. तो भरलेला असेल तर भिडल्या क्षणी अख्खा मोठा घाव बसतो. फक्त मध्येच शस्त्र बदलू नका, टायमर शून्यावर येतो. उलट मंत्र म्हणणाऱ्याला अडवायचं असेल तर जलद घाव कामाचे, कारण बसलेला प्रत्येक घाव त्याचा मंत्र मागे ढकलतो.

बरं, चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. जाहीर केलेला विषय आता भरभर घेतो.

दोन शस्त्रं धरली की ऑटो अटॅकची मिस १९ टक्क्यांनी वाढते, बटणांची वाढत नाही. डाव्या हाताचा मार निम्मा. टॅलेंटने (निवडलेल्या खास कौशल्यांनी) तो वॉरियरला ६२.५ आणि 'रोग' (Rogue, चोरट्या योद्ध्याचं पात्र) याला ७५ टक्क्यांपर्यंत नेता येतो. रोगचं सिनिस्टर स्ट्राइक हे बटण फक्त उजव्या हाताचं शस्त्र मोजतो, म्हणून उजवीकडे २.६ ते २.८ ची मंद तलवार. बॅकस्टॅब हे खंजिराचं बटण वापरणाऱ्यांनीही उजवीकडे खंजिरांतला मंद, म्हणजे १.८ चा, धरावा. डावीकडे जलद, कारण तिथे शस्त्राला लावलेलं विष. इन्स्टंट पॉयझन दर घावाला २० टक्के लागतं. १.५ स्पीडने मिनिटाला ४० घाव, चारांतले तीन बसले तर ३०, विष ६ वेळा. २.६ ने २३ घाव, विष साडेतीन वेळा.

पण सगळे प्रॉक, म्हणजे घावासोबत नशिबाने लागणारे परिणाम, असे नसतात. क्रुसेडर एन्चँट (शस्त्रावर चढवलेली जादू) मिनिटाला साधारण एकदा लागेल असा बेतलेला आहे, म्हणून त्याची शक्यता स्पीडप्रमाणे बदलते: ३.८ ला ६.३ टक्के, १.५ ला २.५ टक्के. बटणाने मारलेल्या घावालाही हीच टक्केवारी लागते, त्यामुळे बटणं दाबणाऱ्याला मंद शस्त्रावर क्रुसेडर जास्त वेळा मिळतो. 'दर घावाला इतके टक्के' असा प्रॉक असेल तर जलद, 'मिनिटाला इतके' असेल तर मंद.

टँकचं, म्हणजे बॉसचा मार अंगावर घेणाऱ्याचं, उलटं. हिरोइक स्ट्राइक हे वॉरियरचं बटण पुढच्या ऑटो अटॅकच्या जागी जातं आणि ठरलेली भर घालतं, रँक ८ ला १३८. जितके घाव तितकी भर, म्हणून रेज भरपूर असेल तर उजवीकडे जलद शस्त्र. दोन शस्त्रांच्या वॉरियरने एवढं करावं: हिरोइक स्ट्राइक दाबून ठेवला असेल तोवर डाव्या हाताला ती १९ टक्क्यांची जादा मिस लागत नाही. रेज कमी असेल तर उजवा घाव पडायच्या आधी तो रद्द करा.

बाण मारणाऱ्या हंटरांनो, ऑटो शॉट सुटल्यावर लगेच एम्ड शॉट सुरू करा. आधी सुरू केलात तर ऑटो अडकून पडतो, आणि धनुष्य जितकं मंद तितकं नुकसान मोठं. प्राण्याचं रूप घेणाऱ्या ड्रुइडांनी स्पीड बघूच नये, मांजराचा १.० आणि अस्वलाचा २.५ ठरलेला आहे, हातात काहीही असो.

शेवटचा मुद्दा पॅरीचा. बॉसने तुमचा घाव अडवला की त्याचा पुढचा घाव लवकर येतो, म्हणजे समोरून मारलेला प्रत्येक जादा घाव टँकच्या अंगावर. जलद शस्त्रं धरणाऱ्यांनी बॉसच्या पाठीमागेच उभं राहायचं, आणि बॉस वळला तर ऑटो अटॅक थांबवून मागे जाऊन पुन्हा सुरू करायचा.