बॉल कुणाचा?

नमस्कार श्रोतेहो.

पाऊस सरला, मैदानं वाळली, की मुंबईतल्या शाळांच्या आवारात शनिवार-रविवारच्या स्पर्धा सुरू होतात. क्रिकेटच्या असतात, कबड्डीच्या, खो-खोच्या असतात, आणि कुठे कुठे मुलींच्या व्हॉलीबॉलच्याही असतात. आज बोलायचं आहे ते या मुलींच्या व्हॉलीबॉलबद्दल. मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते आणि मुलींचा संघ सांभाळते. माझं म्हणणं एवढंच आहे, की तेरा ते सोळा वर्षांच्या मुलीला चारचौघांत मोठ्यानं आवाज द्यायला शिकवणारी याहून चांगली जागा मी पाहिलेली नाही.

ते कसं, ते सांगते. या खेळात बॉल धरता येत नाही. बास्केटबॉलमध्ये बॉल हातात घेऊन क्षणभर इकडे-तिकडे बघता येतं. इथे तो हातात थांबला की पंचांची शिट्टी वाजलीच. एकीला लागोपाठ दोनदा हात लावायचा नाही आणि सगळ्यांनी मिळून तीन स्पर्शांत तो जाळ्यापलीकडे धाडायचा. आपल्या बाजूचं कोर्ट नऊ मीटर लांब आणि नऊ मीटर रुंद. त्यात सहाजणी. समोरून सर्व्हिस येते ती बहुतेक वेळा दोघींच्या मधे, कारण मारणारीला नेमकी तीच फट दिसलेली असते. एखाद्या सेकंदात ठरवायचं असतं, की बॉल कुणाचा? नजरेनं ठरवायला वेळ नसतो, कारण नजर बॉलवर हवी. मग उरतो आवाज. जी "माझा!" म्हणेल ती जाईल, दुसरी बाजूला होऊन तिची पाठ राखेल.

आठवीतल्या नव्या मुली मैदानावर येतात तेव्हा हेच होत नाही. अंडरआर्म, म्हणजे हात जुळवून खालून बॉल घेणं, लवकर येतो, सर्व्हिस महिन्याभरात जाळ्यापलीकडे जायला लागते, आवाज मात्र येत नाही. बॉल दोघींच्या मधे पडतो, दोघी एकमेकींकडे बघतात आणि एकदम म्हणतात, "सॉरी, मला वाटलं तू घेशील." घरात "हळू बोल", जिन्यात "खिदळू नका", वर्गात "तोंडावर बोट". इतकी वर्षं जे अंगवळणी पाडलं, ते चुन्याच्या रेघेच्या आत आल्याबरोबर कसं सुटणार? म्हणून आमच्या सरावात एक नियम आहे: आवाज आधी, हात मग. न बोलता घेतलेला बॉल कितीही सुंदर उचललेला असो, तो मोजायचा नाही, पुन्हा खेळायचा.

पहिल्या आठवड्यात ऐकू येतो तो नुसता चिरका आवाज. नंतर एके दिवशी, कसं कोण जाणे, घसा मोकळा होतो. मग कोर्टावर नुसता गलका असतो: "माझा!", "सोड!", "आउट!", "टिप! टिप!" (टिप म्हणजे जाळ्यावरून हलकेच टाकलेला बॉल.) आठवीतली पोर दहावीतल्या कॅप्टनला "ताई, सोड!" असं ओरडून सांगते आणि ताई खरंच सोडते. बॉल कोर्टाबाहेर पडतो, गुण आपल्याला मिळतो. आपल्या बोलण्यावर एक मोठी मुलगी थांबली, आणि तिचं थांबणं बरोबर ठरलं! हे त्या आठवीतल्या मुलीला कुठल्याही तासात शिकवता येत नाही.

प्रेक्षक मंडळी स्मॅश बघायला येतात. बघाच, उडी मारून मारलेला बॉल बघण्यासारखाच असतो. मुलींसाठी जाळं २.२४ मीटर उंचीवर असतं आणि नववीतली एखादी मुलगी त्याच्या वर हात काढते तेव्हा मलाही टाळी वाजवावीशी वाटते. पण एकदा नजर मागे वळवा. सर्व्हिस उचलणारी मुलगी गुडघ्यात वाकलेली असते, दोन्ही हात जुळवून ती मनगटाच्या वरच्या भागावर बॉल घेते आणि जाळ्याशी उभ्या असलेल्या सेटरच्या, म्हणजे स्मॅशसाठी बॉल वर चढवून देणारीच्या, डोक्यावर अलगद सोडते. तो पहिला बॉल नीट गेला तरच पुढचा स्मॅश. वेगळ्या रंगाचा टी-शर्ट घातलेली एक मुलगी दिसेल, ती लिबेरो. आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉलमध्ये ही जागा १९९८ मध्ये आली. ती फक्त मागच्या फळीत खेळते. तिला ब्लॉक, म्हणजे जाळ्याशी हात वर करून समोरचा बॉल अडवणं, करता येत नाही, जाळ्याच्या वरचा बॉल मारता येत नाही. तिचं काम उचलण्याचं. ज्या मुलीला "तू बुटकी आहेस, तुझं काय काम व्हॉलीबॉलमध्ये" असं ऐकावं लागलं, तिच्यासाठी या नियमानं दार उघडलं. आणि अख्ख्या संघात सर्वांत मोठा आवाज बहुधा तिचाच असावा लागतो, कारण मागून तिला सगळं कोर्ट दिसतं.

उचलण्यावरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. व्हॉलीबॉलचा जन्म १८९५ चा, अमेरिकेतल्या होलिओक गावचा. वायएमसीए या संस्थेतल्या विल्यम मॉर्गन नावाच्या शिक्षकानं तो बसवला. ऑलिम्पिकमध्ये तो आला १९६४ साली, टोकियोत, आणि आला तो पुरुष आणि स्त्रिया दोघांसाठी. ऑलिम्पिकमधला स्त्रियांचा चेंडूचा पहिला सांघिक खेळ तो हाच. तिथे सुवर्णपदक मिळवलं जपानच्या मुलींनी, सोव्हिएत संघाला हरवून. त्यांतल्या बहुतेकजणी ओसाकाजवळच्या एका कापड गिरणीच्या संघातल्या होत्या, निचिबो कंपनीच्या काइझुका गिरणीतल्या. दिवसा काम, संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत सराव. त्यांचे प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सू यांनी त्यांना सूर मारून, जमिनीवर कोलांटी घेऊन बॉल उचलायला आणि लगेच पायांवर उभं राहायला शिकवलं. उंच, ताकदवान संघांसमोर त्या जिंकल्या त्या या उचलण्याच्या जोरावर. दाइमात्सूंची शिस्त फार कठोर होती, तशी मला माझ्या मुलींसाठी नको. पण लालबाग-परळमध्ये, मुंबईच्या जुन्या गिरणगावात, ही गोष्ट सांगताना वेगळं वाटतं. इथल्या कितीतरी मुलींचे आजोबा गिरणीत होते. गिरणीतल्या मुली ऑलिम्पिक जिंकल्या, हे त्यांना सांगितलं की त्या लगेच विचारतात, "बाई, त्या कोलांट्या आम्हालाही शिकवा ना."

शिकवते, पण गाद्यांवर. कारण मुंबईत माती कुठे राहिली? बहुतेक शाळांच्या आवारात फरशी नाहीतर सिमेंट. कोर्ट लहान म्हणून हा खेळ या शहरात मावतो, इमारतींच्या मधल्या चौकातही जाळं बांधता येतं, पण त्या सिमेंटवर गुडघे फुटतात. पालकांनो, मुलीला महागडे बूट नसले तरी चालेल, नीकॅप मात्र पहिल्या दिवसापासून द्या.

स्पर्धेचे दोन दिवस असे जातात: शनिवारी साखळी सामने, रविवारी बाद फेरी. तीन सेटचा सामना, पंचवीस गुणांचे दोन आणि गरज पडली तर पंधराचा तिसरा, दोन गुणांच्या आघाडीनं जिंकायचं. प्रत्येक रॅलीला गुण मिळतो. हे ऐकून एखादी आई म्हणते, "आमच्या वेळी सर्व्हिस आपली असेल तरच पॉइंट मिळायचा." बरोबर आहे, तो नियम १९९०च्या दशकाअखेर गेला. त्या आईनं मुलीला सांगायला हवं, की मीही खेळायचे. कितीतरी मुलींना हे ठाऊकच नसतं.

रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी लोकल बंद. सेंट्रलचा नाहीतर हार्बरचा काही ना काही असतोच, म्हणून साडेआठच्या सामन्यासाठी संघ साडेसहाला स्टेशनवर जमतो. डबे एकत्र उघडले जातात. हरलेल्या संघातल्या मुली पुढच्या सामन्याला लाइनवर उभ्या राहतात, गुणपत्रक लिहितात. मला हा भाग फार आवडतो. तासाभरापूर्वी रडलेली मुलगी झेंडा हातात घेऊन दुसऱ्यांच्या सामन्यात बॉल आत की बाहेर ते ठामपणे सांगते.

आता आयोजकांना एक विनंती, आणि ती मी कळकळीनं करते आहे. मुलींची स्पर्धा ठेवता तेव्हा चषकांआधी स्वच्छतागृहाचा विचार करा. आम्ही अशा ठिकाणी खेळलो आहोत, जिथे ढाल माणसाच्या कमरेएवढी होती आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं. किल्ली कुणाकडे, कुणाला ठाऊक नाही. मग मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. उन्हात, दिवसाला तीन सामने, आणि पाणी न पिता. पाळी चालू असलेल्या मुलीनं तर काय करायचं? कुलूप उघडं, नळाला पाणी, कपडे बदलायला एक खोली आणि कचऱ्याचा झाकणाचा डबा. खर्च फारसा नाही. मुलींना खेळायला बोलावलंय, तर एवढं व्हायलाच हवं.

आणि पालकांनो, तुमच्याशी एक शेवटचं बोलायचं आहे. नववीची परीक्षा झाली, की दरवर्षी तेच होतं. "बाई, आता दहावी आहे, खेळ बंद." जी मुलगी दोन वर्षं घसा फोडून कोर्ट सांभाळायला शिकली, ती नेमकी तयार झाल्यावर घरी बसते. राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्यांना बोर्डाकडून सवलतीचे गुण मिळतात, हे तुम्हाला माहीत असेल. पण मी गुणांसाठी सांगत नाही, तिथवर थोड्याच मुली पोहोचतात. मी सगळ्यांसाठी मागते आहे, राखीव बसणाऱ्या मुलीसाठीसुद्धा. रोजचा सराव नको. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी, दीड-दीड तास, आणि स्पर्धेचे शनिवार-रविवार. क्लासची वेळ आड येत असेल तर शाळेत येऊन शिक्षकांशी बोला, सरावाची वेळ बदलता येते. पूर्वपरीक्षेच्या आधी महिनाभर विश्रांती घ्या, आमची हरकत नाही. पण जूनमध्येच तिचं नाव संघातून काढू नका.

येत्या शनिवारी जवळच्या शाळेत जाळं बांधलेलं दिसलं तर आत या. फार उशीर करू नका, साखळी सामने सकाळीच संपतात.

नमस्कार.