कामटीपासून कामठ्यापर्यंत

[दृश्य : अगदी जवळून. रंधून घेतलेली लाकडाची पट्टी. वरून शाईचा थेंब पडतो.]

निळ्या शाईचा एक थेंब. पट्टीवर पडला, क्षणभर गोल राहिला आणि आता लांबट व्हायला लागलाय. शाई लाकडाच्या तंतूंमधून धावते. ती जिकडे जाते, तिकडे तंतू. या पट्टीत शाई हळूहळू कडेकडे वळली आहे. वखारीत सरळसोट वाटलेली ही पट्टी धनुष्याच्या पाठीला चालणार नाही.

[दृश्य : भिंतीला टेकवलेलं सहा फुटी धनुष्य. दोरी चढवली जाते.]

लाँगबो. उंची 183 सेंटिमीटर, म्हणजे बरोबर सहा फूट. दोरी 28 इंच ओढायची आणि त्या ओढीला ताकद लागावी 40 पौंड, साधारण 18 किलो. धनुष्याची जी बाजू तिरंदाजाकडे असते ते त्याचं पोट, आणि निशाण्याकडे असते ती पाठ. दोरी ओढली की पोट दाबलं जातं आणि पाठ ताणली जाते. घरी केलेली धनुष्यं बहुतेक वेळा पाठीतून मोडतात, कारण ताणाखाली तुटलेला एक तंतू शेजारच्या तंतूवर भार टाकतो आणि मग ओळीनं सगळेच सुटतात. म्हणून पाठीला वेगळ्या, चिवट लाकडाची पट्टी चिकटवायची. याला पाठ लावणं म्हणतात.

[दृश्य : रेखाचित्र. यू लाकडाचा आडवा छेद, दोन रंग.]

ही कल्पना झाडानंच शिकवली. इंग्लंडचं ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज 1545 साली बुडालं. 1982 साली त्याचा सांगाडा वर काढला गेला. त्या जहाजावर यू नावाच्या झाडाच्या लाकडाची शंभराहून जास्त लाँगबो मिळाली. सालीलगतचं फिकट, ताण सोसणारं लाकूड पाठीला आणि दाब सोसणारा लालसर गाभा पोटाला. एकाच ओंडक्यात दोन्ही. यू आपल्याकडच्या पठारावर होत नाही. हिकरी हे पाठीसाठी जगभर वाखाणलं जाणारं लाकूड, पण ते उत्तर अमेरिकेतलं. ते मागवण्यात पैसे घालवायची गरज नाही. गरज आहे ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड जाणाऱ्या तंतूंची, आणि ते सोलापुरात मिळतात.

[दृश्य : बांबूची वखार, सकाळ. उभे रचलेले बांबू. हात एकेक बांबू फिरवून बघतो.]

मंडपाला, परांचीला, शिडीला लागणारा बांबू इथे उभा रचलेला असतो. बांबूच्या भिंतीत तंतू बाहेरच्या अंगाला दाट आणि आत विरळ असतात. म्हणजे ताण सोसणारा भाग निसर्गानं आधीच बाहेर ठेवलाय. करवतीनं कापलेल्या फळीत तंतू कुठे तुटला असेल, हे शोधावं लागतं. उभ्या चिरलेल्या बांबूत तो तुटलेलाच नसतो. मराठीत चिरलेल्या बांबूच्या पट्टीला कामटी म्हणतात आणि धनुष्याला कामठा. हे दोन शब्द इतके जवळ आहेत, यात नवल नाही.

[दृश्य : शिकणारा मुलगा आणि सुतारमामा. प्रत्यक्ष आवाज.]

“मामा, हा चालंल का? लई सरळ हाय.”
“वरनं काय बघतोस? कापलेल्या तोंडाकडं बघ की.”

[दृश्य : बांबूचं कापलेलं तोंड. त्यावर स्टीलची पट्टी.]

तोंडाकडे बघायचं ते दोन गोष्टींसाठी. एक, भिंतीची जाडी. ती निदान 10 मिलिमीटर हवी, म्हणजे आतून रंधून टाकायला माल उरतो. दुसरी आणि जास्त महत्त्वाची, बांबूचा व्यास. बांबूची पट्टी कधीच सपाट नसते, तिला उंचवटा असतो. 10 सेंटिमीटर व्यासाच्या बांबूतून 30 मिलिमीटर रुंदीची पट्टी काढली, तर मध्यभाग कडांपेक्षा सव्वादोन मिलिमीटर उंच राहतो. 15 सेंटिमीटरच्या बांबूत तोच उंचवटा दीड मिलिमीटरवर येतो. आणि 6 सेंटिमीटरच्या बांबूत तो चार मिलिमीटर होतो. मग सगळा ताण मधल्या अरुंद रेघेवर येतो आणि कडा नुसत्या बसून राहतात. लाठीचा भरीव बांबू कितीही मजबूत असला तरी इथे उपयोगी पडत नाही, तो यामुळेच. कळकाचा जाड बांबू घ्या, 10 सेंटिमीटरच्या वरचा.

[दृश्य : बोट बांबूवरून खाली सरकतं. पेरावरच्या डोळ्याशी थांबतं.]

हा डोळा. फांदी फुटायची जागा. तो एका पेराला या अंगाला असतो, पुढच्या पेराला बरोबर समोरच्या अंगाला. डोळ्याजवळ तंतू वळसा घेतात आणि पाठ नेमकी तिथे उकलते. म्हणून डोळ्यांची रेघ खडूनं आखायची आणि तिच्यापासून पाव वर्तुळ दूर पट्टी काढायची. एका बांबूतून अशा दोनच पट्ट्या मिळतात. उरलेला बांबू शिडीच्या कामाला.

बाकीची पारख पटकन होते. हिरवा नको. तीन-चार वर्षांचा पक्का हवा. सरळ करायला भाजलेला, काळे डाग पडलेला नको. जुन्या मंडपातला, खिळ्याचं भोक असलेला तर मुळीच नको. बुडाशी बारीक पांढरी भुकटी दिसली, तर आत भुंगा आहे. तो बांबू स्वस्तात मिळाला तरी तिथेच ठेवून या.

[दृश्य : कोयता बांबूच्या तोंडावर टेकवलेला. लाकडी हातोड्याचा घाव. बांबू उभा फुटत जातो.]

पट्टी 40 मिलिमीटर रुंद आणि 190 सेंटिमीटर लांब काढायची, मग कडा तासून रुंदी 30 मिलिमीटरवर आणायची. बुडाकडचा मीटरभर भाग सोडून, कारण तिथे पेरं फार जवळ असतात.

[दृश्य : शिकंज्यात धरलेली पट्टी. आतल्या बाजूवर रंधा. पांढरट कुरळे छिलके.]

रंधा चालतोय तो फक्त आतल्या बाजूनं. आतलं पांढरं, भुसभुशीत सगळं काढून टाकायचं. कडेला दीड मिलिमीटर जाडी उरली की थांबायचं. उंचवट्यामुळे मध्यभाग आपोआप पावणेचारच्या आसपास राहतो. बाहेरची बाजू मात्र बोटानं जपायची. वरची मेणचट, चकचकीत कातडी काचेच्या धारेनं हलकी खरवडली तरी चालते, त्याखाली जायचं नाही. सर्वांत दाट तंतू तिथेच आहेत.

[दृश्य : पेराची गाठ, अगदी जवळून. कानस एकदा फिरते, थांबते.]

गाठ. तिला फळीसारखी सपाट करावी असा मोह होतो. गाठीतले तंतू उंचवट्यावरून वळून जातात. उंचवटा कापला की तंतू कापले. पहिलं कुसळ इथेच उठतं. गाठीची फक्त धार मारायची, उंची तशीच ठेवायची. धनुष्याच्या पाठीवर हे उंचवटे दिसायलाच हवेत.

[दृश्य : बाकावर तीन लाकडं शेजारी शेजारी. बाभूळ, साग, धामण.]

पाठ ठरली, आता पोट. इथे भले भले कारागीर चुकतात. पाठ जितकी ताठ, तितका पोटावरचा दाब वाढतो. पोट मऊ असेल, तर त्यावर केसाएवढ्या आडव्या सुरकुत्या उमटतात. त्या आल्या की ते धनुष्य गेलं. बांबूची पाठ अत्यंत ताठ असते, म्हणून तिच्याखाली जड, घट्ट लाकूड हवं. बाभूळ त्याला उत्तम. बैलगाडीच्या चाकांना आणि औजारांच्या दांड्यांना पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं, सोलापूरच्या शिवारात बांधाबांधावर उभं असलेलं झाड. अडचण एकच, सहा फूट सरळ बाभूळ मिळणं अवघड. तीन फुटांहून थोडे लांब असे दोन तुकडे मुठीत माशाच्या शेपटीसारखे खाच घालून जोडले तरी काम होतं.

सागाचा मोह टाळा. दिसायला देखणा, रंधायला सोपा, पण वाकवला की ठिसूळ. सागच वापरायचा असेल, तर पोट 45 मिलिमीटर रुंद ठेवा आणि पाठ बांबूची नको, धामणीची 4 मिलिमीटर जाडीची सपाट पट्टी लावा. धामण चिवट आणि लवचिक. संस्कृतात या झाडाला धनुर्वृक्ष म्हटलंय. वखारीत ती क्वचितच दिसते, दिसली तर घ्या. फक्त शाईची परीक्षा दोन्ही अंगांनी करा, वरून आणि कडेनं. कडेच्या अंगाला तंतू 20 मिलिमीटरमध्ये एक मिलिमीटर जरी चढत असला, तरी 4 मिलिमीटरच्या पट्टीतून तो 8 सेंटिमीटरमध्ये बाहेर पडतो.

आणि ओंडका आधीच निर्दोष असेल, सालीखालचं वाढीचं एकच वर्तुळ टोकापासून टोकापर्यंत सांभाळता येत असेल, तर पाठ लावायची गरजच नाही.

[दृश्य : वजनकाट्यावर पट्टी. वहीत आकडे.]

पट्टी सुकली का, हे वजनकाटा सांगतो. रोज वजन करायचं. आठवडाभर आकडा हलला नाही, की ती तयार. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवू नका, लाकूड गरजेपेक्षा जास्त सुकून कडकडीत होतं आणि ताणाखाली तडकतं. सावलीत, वाऱ्यावर ठेवा.

[दृश्य : पहाट. पसरट ताटलीत इपॉक्सी कालवलं जातंय.]

पहाटेचे सव्वापाच. चिकटवायचं काम आत्ता, ऊन चढायच्या आत. तापमान दहा अंशांनी वाढलं की इपॉक्सी हा गोंद जमण्याआधी कामाला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. म्हणून सावकाश जमणारं इपॉक्सी घ्यायचं आणि पेल्यात न ठेवता ताटलीत पसरायचं. साठून राहिलं की ते स्वतःच तापतं आणि लवकर घट्ट होतं. एवढ्या धनुष्याला 40 ते 50 ग्रॅम मिश्रण पुरतं. पांढरा गोंद नको. उन्हात, ताणाखाली तो हळूहळू सरकतो.

[दृश्य : हॅकसॉच्या पात्यानं दोन्ही पृष्ठभाग खरडले जातात. थिनरचा फडका. इपॉक्सी. सायकलची ट्यूब गुंडाळली जाते.]

दोन्ही पृष्ठभाग हॅकसॉच्या पात्यानं लांबीत खरडून खरबरीत केले, थिनरनं पुसले, दोन्हीकडे इपॉक्सी लावलं. आता सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी ताणून गुंडाळायची, मुठीपासून टोकाकडे. लोखंडी शिकंजा फार आवळला, तर इपॉक्सी सगळं बाहेर येतं आणि सांधा कोरडा राहतो. रबर दाब सारखा ठेवतं. दोन्ही टोकांखाली 4 सेंटिमीटरचे ठोकळे ठेवून आणि मूठ खाली दाबून धनुष्य उलटं वाकवलंय, पाठीकडे. वापरात पोटाकडे जो बाक येणार आहे, त्याची ही आगाऊ भरपाई. आता पूर्ण 24 तास हात लावायचा नाही.

[दृश्य : भिंतीवरची टिलरची फळी. कप्पी, दोरखंड, लटकता वजनकाटा.]

टिलर. दोरी दुरून ओढायची आणि दोन्ही बाहू सारखे वाकतात का ते बघायचं. जिथे ताठ, तिथे फक्त पोट खरवडायचं. पाठीला कधीच हात लावायचा नाही. जाडी दहा टक्क्यांनी उतरली, तर ताठपणा 27 टक्क्यांनी उतरतो. म्हणून दोन-चार वेळा खरवडायचं, 30 वेळा ओढायचं, पुन्हा बघायचं. काट्यानं 18 किलो दाखवले की त्या दिवशी पुढे ओढायचं नाही. पोटावर सुरकुतीची शंका आली, तर पाठीच्या कडा तिरक्या रंधून पाठ पोटापेक्षा 4 ते 5 मिलिमीटर अरुंद करायची. पाठीवर रंधा चालतो तो एवढ्याच वेळी, आणि तोही कडेनं. पाठीचा जोर कमी होतो, पोटाला आराम मिळतो.

मोडलेलं धनुष्य चेहऱ्याकडे येतं, डोळ्यांवर चष्मा हवा. बाण न लावता दोरी सोडायची नाही. शिकार हा 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.

[दृश्य : धनुष्य आडवं धरलेलं. हातात सरकीतून काढलेला कापसाचा बोळा.]

दोरी चढवण्याआधी रोज एक तपासणी. कापसाचा बोळा पाठीवरून टोकापासून टोकापर्यंत हलकेच फिरवायचा. डोळ्याला न दिसणारं कुसळ उठलं असेल, तर कापूस त्यात अडकतो. अडकला, तर तिथे पातळ गोंद सोडून रेशमी दोऱ्यानं घट्ट गुंडाळायचं आणि मगच पुढे.

[दृश्य : कापूस पाठीवरून सरकतो. पहिली गाठ. दुसरी. तिसरी. चौथ्या गाठीशी बोटं थांबतात, पुन्हा फिरतात.]

चौथी गाठ.

[दृश्य : कापूस पलीकडे जातो. दोरी चढते. 28 इंचांची खूण.]