मळवलीचा छापखाना

[पडद्यावर: लक्ष्मीचं जुनं छापील चित्र, भिंगातून]

भिंग आणखी जवळ नेलं की लक्ष्मीचा गाल विरघळतो. उरतात नुसते ठिपके. गुलाबी, पिवळट, तपकिरी, सावलीच्या कडेला निळसर. साडीच्या काठावर कुणीतरी हौसेनं खरी जर शिवलीय, दागिन्यांवर टिकल्या लावल्यात. आणि खाली, बारीक अक्षरांत, छापखान्याचं नाव: रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा.

यातला एकही ठिपका रवि वर्मांच्या हातचा नाही. त्यांनी १८९६ साली कॅनव्हासवर तैलरंगांत लक्ष्मी रंगवली, ती एकदाच. ठिपके काढले छापखान्यातल्या कारागिरांनी, दगडावर आणि तेही उलटे.

राजा रवि वर्मा, जन्म १८४८, त्रावणकोर संस्थानातल्या किलिमानूरचे. पोर्ट्रेटसाठी संस्थानिकांची रांग लागलेली. पत्रव्यवहार इतका वाढला, की त्या आडगावात पोस्ट ऑफिस उघडावं लागलं असं सांगतात. पण चित्रकाराच्या धंद्याचं गणित मोठं अवघड असतं. मागणी दहापट झाली तरी हात दोनच. धाकटे भाऊ राजा राजा वर्मा स्वतः चांगले निसर्गचित्रकार. मोठ्या चित्रांची पार्श्वभूमी अनेकदा तेच रंगवत. त्यानं वेग वाढला, पण चित्र शेवटी एकाच राजवाड्यात जायचं.

१८८४ मध्ये सर टी. माधवरावांचं पत्र आलं. त्रावणकोर आणि बडोद्याचे हे माजी दिवाण, घराणं तंजावरकडचं मराठी. त्यांचं म्हणणं असं, की तुमच्या चित्रांना मागणी फार आहे, एकट्यानं ती पुरी होणार नाही. निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती काढून घ्या. नाव होईल आणि देशाची सेवाही घडेल.

दहा वर्षं गेली. मधल्या काळात बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी चौदा पौराणिक चित्रं झाली. ती राजवाड्यात जाण्याआधी मुंबईत लोकांसमोर मांडली, तेव्हा बघायला गर्दी लोटली. तेव्हा गिऱ्हाईक कोण, हे आता ठरलं होतं. मात्र चित्रं युरोपात पाठवण्याऐवजी रवि वर्मांनी यंत्रं आणि तंत्रज्ञच जर्मनीहून इकडे आणले. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू झाला. भागीदार गोवर्धनदास खटाव मकनजी. पहिलं चित्र, शकुंतलेचा जन्म.

ते काही पहिले नव्हते, हेही सांगायला हवं. पुण्यात चिपळूणकरांच्या मंडळींची चित्रशाळा १८७८ पासून रंगीत देवदेवता छापत होती. रवि वर्मांकडे नवीन होता तो तैलरंगांतला चेहरा: अंगावर उजेड पडलेली, शेजारच्या घरातली वाटावी अशी देवी. आणि हा चेहरा छापाईत टिकवणं, हेच सगळ्यात महागडं काम.

[पडद्यावर: शिळाप्रेस, ओला दगड, शाईचा रूळ]

हा शिळाछापाचा दगड. खास प्रकारचा चुनखडक, जर्मनीतल्या बव्हेरियाहून येणारा. त्यावर तेलकट खडूनं किंवा शाईनं चित्र काढायचं, मग दगड ओला करायचा. पाणी तेलकट भागावर थांबत नाही, आणि छपाईची शाई फक्त तेलकट भागच धरते. तत्त्व एवढंच. पण दर रंगाला वेगळा दगड लागतो. कातडीच्या एका छटेसाठी तीन-चार रंग एकावर एक बसतात, म्हणजे पूर्ण चित्राला दहा-बारा दगड किंवा त्याहून जास्त. कागद तितक्या वेळा यंत्राखालून जातो, दर वेळी त्याच जागी बसावा लागतो. हे रंगांचं जुळणं, म्हणजे रजिस्टर, केसभर हललं की लक्ष्मीला दोन ओठ. सगळे रंग वाळले की वरून व्हार्निश आणि कॅनव्हासच्या विणीचा दाब, म्हणजे कागद तैलचित्रासारखा दिसतो. हाच ओलिओग्राफ.

आता विचार करा, इथे चित्रकाराचं काम काय? मूळ चित्र देणं, प्रूफ बघणं, नाही म्हणणं. त्यासाठी यंत्राजवळ रोज माणूस हवा. रवि वर्मा तिथे नसत. छापखाना बहुतेक भावाच्या भरवशावर, आणि भाऊही बरेचदा त्यांच्याबरोबर प्रवासात. राजा राजा वर्मांची डायरी आज छापील स्वरूपात वाचायला मिळते. हे संस्थान, ते संस्थान, चित्रांची कामं, आणि अधूनमधून छापखान्याची काळजी. १९०१ मध्ये उदयपूर, मग हैदराबाद, पुढे म्हैसूर. ब्रशची कमाई छापखान्याच्या तोंडात जात होती.

नशीबही आडवं आलं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला, लोक शहर सोडून पळाले. छापखाना मग घाट चढून मळवलीला गेला, लोणावळ्याच्या पुढचं स्टेशन, कार्ला-भाजे लेण्यांच्या पायथ्याशी. भागीदारीही टिकली नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत रवि वर्मांनी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला, चित्रं छापण्याच्या हक्कांसकट.

याला बहुतेक ठिकाणी 'अपयश' म्हटलेलं आढळतं. मला ते पटत नाही. धंद्यातला त्यांचा सगळ्यात शहाणा निर्णय तोच होता, फक्त उशिरा झाला. श्लायशर यंत्राजवळचा माणूस. कुठल्या दगडाला किती खर्च येतो, कुठलं चित्र खपतं, लहान आकारात काय काढावं, हे त्याला कळत होतं. त्यानं देवांच्या चित्रांबरोबर जाहिरातीची कॅलेंडरं, लेबलं असलीही कामं घेतली. महादेव विश्वनाथ धुरंधरांसारख्या दुसऱ्या चित्रकारांची चित्रं छापली. कलेच्या जाणकारांनी नाकं मुरडली, ती आधीपासूनच मुरडत होते. छापखाना मात्र चालला.

याच छापखान्याची कामं करत लोणावळ्यात आणखी एक माणूस धंद्यात उतरला होता, धुंडिराज गोविंद फाळके. स्वतःचा छापखाना काढला, भागीदार मिळाले, १९०९ मध्ये यंत्रांसाठी जर्मनीला जाऊन आले आणि थोड्याच काळात भागीदारांशी बिनसून बाहेर पडले. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पण ती गोष्ट वेगळ्या चित्रपटाची.

१९०५ मध्ये राजा राजा वर्मा गेले, पुढच्याच वर्षी रवि वर्माही. छापखान्याला पुढे कित्येक दशकं आयुष्य मिळालं, १९७२ च्या आगीपर्यंत. श्लायशरनं मालकी घेतली तेव्हा पाटी बदलणं त्याच्या हातात होतं, पण त्यानं ती बदलली नाही. रवि वर्मांनी कधी पाहिलीही नाहीत अशी चित्रं त्यांच्याच नावानं बाजारात जात राहिली. ठिपके घालणाऱ्या कारागिरांचं नाव कुठल्याच कोपऱ्यात छापलं गेलं नाही.